एआय हेडशॉटची शैली व्यवसायानुसार कशी निवडावी

एआयकडून हेडशॉट, म्हणजे कामासाठी वापरायचा चेहऱ्याचा फोटो, करून घेणे आता अवघड राहिलेले नाही. चॅटजीपीटीला किंवा जेमिनीला मोबाईलमधला एक साधा फोटो द्यावा, काय हवे ते दोन ओळींत सांगावे, की थोड्याच वेळात कोट घातलेला, दाढी रेखलेला, मागे काचेची इमारत असलेला चेहरा समोर येतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. वकील, फाउंड्रीचे (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचे) मालक, दातांचे डॉक्टर आणि शिकवणीचे वर्ग चालवणाऱ्या बाई या चौघांचे फोटो एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात आणि चौघांपैकी एकाच्याही कामाची ओळख त्यातून पटत नाही. कोल्हापूरसारख्या शहरात ऑनलाइन फोटो पाहणारा माणूस पुष्कळदा त्याच आठवड्यात राजारामपुरीतल्या ऑफिसात किंवा शिरोलीच्या कारखान्यात समोरच्या खुर्चीत येऊन बसतो. फोटोतला माणूस आणि खुर्चीतला माणूस यांचा मेळ बसला नाही, तर पहिली पाच मिनिटे अवघडलेपणात जातात.

म्हणून शैली निवडण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत : हा फोटो पाहून आपल्याकडे कोण येणार आहे, आणि तो आपल्याला प्रत्यक्षात कुठे भेटणार आहे? पुढची जवळजवळ प्रत्येक निवड या दोन उत्तरांवरून करता येते. व्यवसायाचे नाव त्यामानाने कमी उपयोगी पडते, कारण एकाच व्यवसायातल्या दोघांचे पाहणारे अगदी वेगळे असू शकतात. जर्मनीतल्या खरेदीदाराशी ईमेलवर बोलणारा कास्टिंगचा (धातूच्या ओतीव भागांचा) निर्यातदार आणि उद्यमनगरात शेजारच्या वर्कशॉपकडून जॉब घेणारा यंत्रचालक हे दोघेही ‘इंजिनिअरिंग’मध्येच मोडतात, पण दोघांना एकच फोटो शोभणार नाही.

शैली चार भागांत मोडून पाहावी

हेडशॉट बनवून देणाऱ्या सेवांवर ‘कॉर्पोरेट’, ‘कॅज्युअल’, ‘स्टुडिओ’, ‘आउटडोअर’ अशी तयार नावे दिलेली असतात. ती बहुतांशी पाश्चात्त्य ऑफिस डोळ्यांसमोर ठेवून ठेवलेली आहेत. तिथला ‘कॅज्युअल’ म्हणजे टी-शर्टवर ब्लेझर आणि ‘आउटडोअर’ म्हणजे मागे पानगळीचा रस्ता. नावावर न जाता प्रत्येक नमुन्यात कपडे कोणते आहेत, पार्श्वभूमी काय आहे, उजेड कुठून पडतो, आणि चौकटीत चेहरा किती व त्यावर भाव कोणता आहे, हे वेगवेगळे पाहावे. हवे ते चारही भाग एका तयार शैलीत क्वचितच सापडतात. पण एका शैलीतले कपडे आणि दुसरीतली पार्श्वभूमी मागता येते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

कपड्यांच्या बाबतीत एक साधा निकष पुरतो. महत्त्वाच्या ग्राहकाला भेटायचे असेल त्या दिवशी आपण जे घालतो, तेच फोटोत असावे. आयुष्यात कधी टाय न बांधलेल्या माणसाला एआयने बांधलेली टाय लगेच ओळखू येते, कारण खांदे आणि मान त्या कपड्यांना सरावलेली दिसत नाहीत. इस्त्रीचा फिकट शर्ट हा आपल्याकडच्या बहुसंख्य व्यवसायांना पुरेसा औपचारिक आहे.

पार्श्वभूमीत सर्वांत जास्त फसगत होते. तपशील न देता नुसते ‘प्रोफेशनल फोटो’ म्हटले की यंत्र भली मोठी काच आणि तिच्यापलीकडे उंच मनोऱ्यांचे शहर काढते. ताराबाई पार्कातल्या कोणत्याही खिडकीतून असे शहर दिसत नाही, हे इथल्या पाहणाऱ्याला ठाऊक असते. चित्रकार आणि चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी शंभर वर्षांपूर्वी याच गावात मूकपटांतले रंगवलेले पडदे बाजूला सारून त्यांच्या जागी उभे सेट आणले. आज मोबाईलवरून तोच पडदा परत यावा, ही गंमतच म्हणायची. राखाडी, पांढुरकी किंवा गडद निळी सपाट पार्श्वभूमी कुठल्याही व्यवसायाला चालते आणि छपाईतही त्रास देत नाही. कामाची जागा दाखवायचीच असेल, तर आपल्या खऱ्या ऑफिसाचा किंवा कारखान्याचा फोटो सोबत देऊन तोच थोडा धूसर करून मागे ठेवायला सांगावे.

उजेडाबद्दल इतकेच पुरे की एका बाजूने पडणारा आणि अर्धा चेहरा सावलीत ठेवणारा उजेड चित्रकाराला, नटाला, गायकाला शोभतो. ज्याच्याकडे माणसे विश्वासाने दुखणे किंवा पैसे घेऊन येतात त्याचा चेहरा पूर्ण उजळलेला असावा. चौकटीत चेहऱ्याने साधारण ६० टक्के जागा व्यापावी अशी लिंक्डइनची शिफारस आहे, आणि तिथे फोटो किमान ४०० बाय ४०० पिक्सेलचा लागतो. लिंक्डइन आणि व्हॉट्सॲप दोन्हीकडे तो गोल कापला जातो, म्हणून फेटा, अंबाडा किंवा खांद्यावरचा काठ कडेला येणार असेल तर चौकट थोडी सैल ठेवावी. हसू मात्र सांगून घ्यावे लागते. न सांगितल्यास यंत्र टूथपेस्टच्या जाहिरातीतले दात बसवते, आणि ते आपले नसतात.

मूळ फोटो

एआयची साधने ढोबळमानाने दोन प्रकारची आहेत. चॅटजीपीटी किंवा जेमिनी यांसारखी साधने एकदोन फोटोंवरून संपूर्ण चित्र नव्याने रचतात. केवळ हेडशॉटसाठी असलेल्या सशुल्क सेवांपैकी बऱ्याच जणी आठदहा किंवा त्याहून अधिक फोटो घेऊन त्या चेहऱ्यापुरते एक छोटे मॉडेल प्रशिक्षित करतात आणि मग निरनिराळ्या शैलींतली अनेक चित्रे देतात. दुसऱ्या प्रकारात चेहरा सहसा जास्त टिकतो, कारण यंत्राला तो अनेक कोनांतून माहीत झालेला असतो. पहिल्या प्रकारात दुरुस्तीवर दुरुस्ती सांगत गेलो की दर वेळी चेहरा थोडा थोडा सरकतो. ‘आता कोट बदल’, ‘आता मागचा रंग बदल’ असे चौथ्या-पाचव्यांदा सांगेपर्यंत फोटोत आपला चुलतभाऊ वाटावा असा कोणीतरी उभा असतो. म्हणून प्रत्येक मोठा बदल मूळ फोटोवरून नव्याने मागावा.

मूळ फोटो सेल्फी नसलेला बरा. हाताच्या अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठे आणि कान लहान दिसतात. कोणाला तरी चारपाच फूट दूर उभे करून मागच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो यंत्राला चेहऱ्याची खरी ठेवण दाखवतो. मोबाईलमधला ब्यूटी मोड बंद करावा. उजेडासाठी खिडकीकडे तोंड करून उभे राहावे. जून ते सप्टेंबर या महिन्यांत कोल्हापूरच्या ढगाळ आभाळाचा जो मऊ उजेड अंगणात आणि गॅलरीत पडतो, तो स्टुडिओतल्या छत्रीच्या दिव्याला हार जाणार नाही. फोटो वेगवेगळ्या दिवसांचे आणि वेगवेगळ्या कपड्यांतले असावेत, नाहीतर यंत्र त्या एकाच शर्टाची कॉलर चेहऱ्याचा भाग समजून सगळीकडे लावते.

सेल्फीच वापरायची वेळ आली, तर ती आरशासारखी उलटी साठवली गेली आहे का हे आधी तपासावे. उलट्या सेल्फीत उजव्या गालावरचा तीळ डाव्या गालावर जातो, शर्टाची बटणपट्टी उलटी होते, आणि साडीचा पदर डाव्या खांद्याऐवजी उजव्या खांद्यावर येतो. एआय हे सगळे प्रामाणिकपणे उतरवून घेते. पाहणाऱ्या बाईला पदर कुठेतरी चुकला आहे हे तत्काळ जाणवते, कारण आपल्या भागात डावीकडचा पदर हा डोळ्याच्या सवयीचा भाग आहे.

वकील आणि डॉक्टर

या दोन व्यवसायांत शैलीच्या आधी नियम पाहावे लागतात.

मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे काम १८ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाले. कोल्हापूरसह सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची प्रकरणे आता इथे चालतात, आणि तेव्हापासून शहरातल्या वकिलांना, विशेषतः नव्याने ऑफिस थाटणाऱ्या तरुण वकिलांना, बरा फोटो हवासा वाटू लागला तर नवल नाही. मात्र बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार वकिलाला प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष जाहिरात करता येत नाही, आणि आपण चालवलेल्या खटल्यांच्या संदर्भात स्वतःचा फोटो छापून आणणे तर नियमातच नाव घेऊन निषिद्ध ठरवले आहे. २००८ च्या दुरुस्तीने वेबसाइटवर माहिती देण्याची जी मुभा मिळाली, ती नाव, पत्ता, फोन, ईमेल, नोंदणीचा तपशील, बार असोसिएशनचे सदस्यत्व, शिक्षण आणि कामाची क्षेत्रे एवढ्यापुरती आहे. त्या यादीत फोटोचा उल्लेख नाही. त्यामुळे वकिलाने हेडशॉटचा उपयोग वैयक्तिक ओळखीपुरता ठेवावा. असोसिएशनचे ओळखपत्र, व्याख्यानाची पत्रिका, व्हॉट्सॲपचा डीपी ही त्याची जागा आहे. ‘यशस्वी निकाल’ आणि खाली फोटो अशी पोस्ट कितीही देखणी झाली तरी टाकू नये.

पोशाखाचेही तसेच. बँड (वकिलाने गळ्याशी लावायच्या दोन पांढऱ्या पट्ट्या) आणि गाऊन न्यायालयाबाहेर सार्वजनिक ठिकाणी घालू नयेत, असा बार कौन्सिलचा नियम आहे. मग बँड लावून कॉफी शॉपच्या पार्श्वभूमीवर उभा असलेला वकील फोटोत का असावा? काळा कोट, पांढरा शर्ट, सपाट राखाडी पार्श्वभूमी इतके पुरते. त्यातून बँड हवेतच असे वाटले, तर यंत्राच्या हातून होणारा घोटाळा ध्यानात ठेवावा. बँड म्हणजे काय हे त्याला नीट माहीत नसते. कधी ते पाद्र्याच्या कॉलरसारखी पांढरी चौकोनी पट्टी काढते, कधी पांढरी टाय, आणि एखाद्या वेळी लंडनच्या न्यायालयातला विगही डोक्यावर चढवते. त्यावर उपाय दोन आहेत. एक म्हणजे वस्तूचे नाव सोडून आकार सांगणे : ‘गळ्याशी पांढरी ताठ कॉलर, तिच्याखाली खाली येताना रुंद होणाऱ्या दोन लहान पांढऱ्या पट्ट्या’. दुसरा, जास्त खात्रीचा उपाय म्हणजे मूळ फोटोच बँड लावून काढणे आणि एआयकडून फक्त उजेड व पार्श्वभूमी सुधारून घेणे.

डॉक्टरांसाठी भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे विनियम स्पष्ट आहेत. डॉक्टरने स्वतःचा फोटो लेटरहेडवर किंवा दवाखान्याच्या फलकावर छापणे ही स्वजाहिरात आणि अनैतिक वर्तन मानले जाते. शहरात फिरताना हा नियम पुष्कळांना माहीत नसावा असे वाटते, पण नियम आहे. तेव्हा हेडशॉट कशासाठी हवा हे आधी ठरवावे. रुग्णालयाच्या डॉक्टरांच्या यादीसाठी, परिषदेतल्या भाषणासाठी किंवा शोधनिबंधासोबतच्या परिचयासाठी असेल, तर पांढरा ॲप्रन किंवा साधा फिकट शर्ट, समोरून पडणारा मऊ उजेड आणि मिटल्या ओठांचे हसू ही सुरक्षित निवड आहे. स्टेथोस्कोप शक्यतो टाळावा. एआयने काढलेल्या स्टेथोस्कोपची नळी कॉलरखाली शिरून परत बाहेर येत नाही, किंवा त्याला कानात घालायचे टोक एकच असते, आणि हे पहिल्यांदा दिसते ते दुसऱ्या डॉक्टरला. त्वचारोगतज्ज्ञांनी तर आणखी एक पथ्य पाळावे : स्वतःच्या चेहऱ्यावरची त्वचा यंत्राकडून गुळगुळीत करून घेऊ नये, कारण रुग्ण ती उपचाराचा परिणाम समजणार. मुलांच्या डॉक्टरांना थोडे रंगीत कपडे आणि मोकळे हसू चालते, इतकेच नव्हे तर शोभतेही.

कारखाना, दुकान आणि तालीम

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल इथल्या फाउंड्री-मशीनशॉपच्या मालकांना पहिला मोह होतो तो धगधगत्या भट्टीपुढे ब्लेझर घालून उभे राहण्याचा. चित्र जोरकस दिसते, पण कास्टिंग विकत घेणारा खरेदी अधिकारी स्वतः अनेक फाउंड्र्या पाहिलेला असतो. वितळलेल्या लोखंडाजवळ गॉगल आणि हेल्मेट नसलेला मालक पाहून सुरक्षेच्या तपासणीतला पहिला शेरा तो मनातच लिहून टाकतो. शिवाय यंत्राने काढलेली भट्टी, लॅडल (वितळलेला धातू ओतायचे भांडे) आणि मोल्डिंग बॉक्स (साच्याची पेटी) हे एकमेकांशी न जुळणारे असतात. परदेशी खरेदीदारासाठी गडद निळा किंवा पांढरा शर्ट, बाह्या पूर्ण, टाय नको, आणि मागे सपाट रंग अथवा स्वतःच्या शॉपफ्लोअरचा खरा धूसर फोटो घ्यावा. कंपनीचे नाव असलेला शर्ट असेल, तर ते अक्षर मोठे करून तपासावे. एआय लोगोतली अक्षरे आपल्या मनाने बदलते, आणि देवनागरीची तर विशेष दैना करते. काना-मात्रा जागेवर असतात, पण शब्द कुठल्याच भाषेतला नसतो.

गुजरीतल्या सराफांनी आणि हुपरीच्या चांदीच्या कारागिरांनी फोटोत दागिना दाखवायचा असेल तर तो खराच दाखवावा. कोल्हापुरी साज मागितला की यंत्र सोन्याचा कुठलातरी हार काढते. साजाची पाने आणि त्यावरची निरनिराळी चिन्हे त्यात नसतात. गिऱ्हाईक ‘हाच दाखवा’ म्हणाले तर काढून काय दाखवणार? हाच नियम कोल्हापुरी चप्पलवाल्यांना. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या प्रदर्शनावरून जो वाद झाला, त्यानंतर तिची वीण आणि वेणी यांच्याकडे बाहेरच्या लोकांचेही बारीक लक्ष आहे. कारागिराच्या हातातली यंत्राने काढलेली चप्पल ही मानांकनातल्या चपलेसारखी नसते. इथे एआयने चेहऱ्यापलीकडे जाऊ नये. हात, हत्यारे आणि माल यांचा साधा खरा फोटो वेगळा काढावा.

कुस्तीचे वस्ताद आणि प्रशिक्षक यांची गोष्ट निराळी आहे, आणि माझ्या मते या साधनांची मर्यादा तिथे सर्वांत स्पष्ट दिसते. वर्षानुवर्षे मातीत डोके घासून पैलवानाचे कान मोडलेले, सुजून घट्ट झालेले असतात. मोतीबाग किंवा गंगावेस तालमीच्या आखाड्यात उतरणाऱ्या पोराला वस्तादाची पहिली ओळख त्या कानांवरून पटते. एआयला मात्र तो दोष वाटतो आणि ते दोन्ही कान सरळ, पातळ, कोरेकरकरीत करून देते. त्याबरोबर दंडही फुगवते. सूचनेत ‘दोन्ही कान मूळ फोटोप्रमाणेच ठेव, सरळ करू नकोस’ असे लिहावे आणि मूळ फोटोंत दोन्ही बाजूंचे कान दिसतील असे कोन द्यावेत. फेटा बांधायचा असेल तर तो प्रत्यक्ष बांधून फोटो काढावा. नुसते ‘फेटा’ म्हटले की यंत्र राजस्थानी लग्नातला साफा चढवते, आणि खासबागेच्या मैदानात असा वस्ताद कोणी पाहिलेला नसतो.

मेकअप करणाऱ्या आणि फोटो काढणाऱ्या मंडळींनी एआय हेडशॉट वापरूच नये असे मी स्पष्टपणे म्हणेन. त्यांचा चेहरा किंवा त्यांचा फोटो हाच त्यांच्या कामाचा नमुना असतो.

बाकीच्यांसाठी फार विस्ताराची गरज नाही. प्राध्यापकांनी पुस्तकांचे कपाट मागे घेऊ नये, कारण पुस्तकांच्या पाठीवरची नावे निरर्थक येतात आणि विद्यापीठातल्या माणसाची नजर आधी तिथेच जाते. विमा प्रतिनिधी, सनदी लेखापाल आणि कर सल्लागार यांना फिकट शर्ट आणि सपाट पार्श्वभूमी पुरेशी आहे. सनदी लेखापालांनी आपल्या संस्थेचे जाहिरातीविषयीचे नियम पाहून घ्यावेत. घरांच्या व्यवहारातल्या एजंटाने फोटोपेक्षा महारेराचा नोंदणी क्रमांक ठळक ठेवावा. घरून पुण्या-बंगळुरूच्या कंपनीसाठी काम करणाऱ्या आयटीतल्या मुलामुलींची मुलाखत व्हिडिओवर होते, म्हणजे तुलना तिथल्या तिथे होते. त्यांनी वय, वजन आणि केस यांना हात लावू देऊ नये.

रंग, काठ आणि टिकली

यंत्राला ‘व्यावसायिक दिसू दे’ असे सांगितले की त्याच्या लेखी त्याचा अर्थ काय होतो, याचे एक उदाहरण २०२३ मध्ये जगभर गाजले. अमेरिकेतल्या एमआयटीत शिकलेल्या आशियाई वंशाच्या एका तरुणीने आपला फोटो लिंक्डइनसाठी अधिक व्यावसायिक करायला सांगितला, तेव्हा साधनाने तिला गोरी कातडी आणि निळे डोळे दिले. साधने तेव्हापासून सुधारली आहेत, तरी उजळ करण्याची ओढ पूर्ण गेलेली नाही, आणि ती ‘चांगल्या उजेडा’च्या आडून येते. तपासायची पद्धत सोपी आहे. मूळ फोटो आणि नवा फोटो शेजारी ठेवून कपाळ, मान आणि हात यांचा रंग ताडून पाहावा. चेहरा उजळला आणि मान तशीच राहिली, किंवा सगळेच दोन छटांनी वर गेले, तर तो फोटो बाद करावा. घरातल्या माणसांना विचारले तर ते नेमका हाच फोटो निवडतील, हेही इथे सांगून ठेवतो.

साडीतला हेडशॉट हवा असेल तर बारीक काठाची, एकरंगी साडी नेसून मूळ फोटो काढावा. इरकलीचा काठ किंवा खणाच्या ब्लाउजवरची नक्षी यंत्र एका खांद्यावर एक आणि दुसऱ्यावर दुसरी काढते. मंगळसूत्राची सर कॉलरच्या किंवा ब्लाउजच्या कडेत विरघळते, वाट्या कधी तीन होतात, दोन कानांत दोन वेगळी कर्णफुले येतात. टिकलीचे तर निश्चित काही नसते. लावलेली पुसली जाते आणि न लावणाऱ्या बाईच्या कपाळावर लाल ठसठशीत उमटते, कारण ‘भारतीय स्त्री’ या शब्दांशी यंत्राने ती जोडून ठेवलेली आहे. टिकली, मंगळसूत्र, सिंदूर यांपैकी काय हवे आणि काय नको, हे प्रत्येकीने आपल्या रोजच्या वागण्याप्रमाणे सूचनेत लिहावे. ब्लेझर की साडी हा प्रश्नही तसाच सुटतो. जी रोज साडीत बँकेत बसते, तिने फोटोसाठी ब्लेझर उसना घेण्याचे कारण नाही.

सूचना आणि निवड

मराठीत लिहिलेली सूचना ही साधने समजून घेतात. आधी काय बदलायचे नाही ते लिहावे, मग काय बदलायचे ते. एका प्रयोगशाळेच्या संचालिकेसाठी अशी सूचना चालेल : ‘या फोटोतल्या व्यक्तीचा चेहरा, त्वचेचा रंग, वय, चष्मा, केसांतले पांढरे केस आणि हनुवटीवरचा व्रण जसेच्या तसे ठेव. त्वचा गुळगुळीत करू नकोस. फिकट निळा, पूर्ण बाह्यांचा सुती कुर्ता, त्यावर पांढरा ॲप्रन. मागे सपाट फिकट राखाडी रंग. समोरून थोडा डावीकडून मऊ उजेड. ओठ मिटलेले हलके हसू. छातीपासून वर, डोक्यावर थोडी जागा. टिकली नको, दागिने नकोत, कुठलीही अक्षरे नकोत.’ ‘सुंदर’, ‘आकर्षक’, ‘परिपूर्ण’ ही विशेषणे वगळावीत, कारण चेहरा बदलण्याची परवानगी यंत्र त्यांतूनच काढते.

हाती आलेल्या चित्रांतून निवडताना आधी मोठे करून पाहावे : डोळ्यांच्या बाहुल्यांतली चमक दोन्हीकडे सारखी आहे का, चष्म्याच्या दोन दांड्या एकाच चष्म्याच्या आहेत का, बटणे आणि काजे जुळतात का, कानापाशी केस तुटले आहेत का. मग तेच चित्र अंगठ्याच्या नखाएवढे करून पाहावे, कारण बहुतेक लोक ते तेवढेच पाहणार आहेत. शेवटी आपल्याला रोज पाहणाऱ्या पण घरच्या नसलेल्या माणसाला, म्हणजे सहकाऱ्याला किंवा शेजारच्या दुकानदाराला, तीनचार पर्याय दाखवावेत आणि ‘यात चांगला कोणता’ असे न विचारता ‘यात मी कोणता’ असे विचारावे. दोन्ही प्रश्नांची उत्तरे सहसा वेगळी येतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर घ्यावे.

छपाईसाठी एक हिशेब लक्षात ठेवावा. ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) छापायचे तर १०२४ पिक्सेल रुंदीचे चित्र सुमारे साडेतीन इंचांपर्यंतच स्वच्छ येते. व्हिजिटिंग कार्डाला ते भरपूर आहे. वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी तेच ताणले की चेहरा मेणाचा दिसतो, आणि आपल्या शहरात चौकाचौकात असे मेणाचे चेहरे आधीच पुष्कळ आहेत.

जिथे हा फोटो चालत नाही

पासपोर्ट, आधार, वाहन परवाना, स्पर्धा परीक्षांचे अर्ज आणि प्रवेशपत्रे यांवर एआयने घडवलेला फोटो लावू नये. तिथे फोटो प्रत्यक्ष चेहऱ्याशी ताडून पाहण्यासाठीच मागितलेला असतो, आणि न जुळल्यास भरलेला अर्ज आणि केलेली तयारी दोन्ही धोक्यात येतात. वधू-वर सूचक मंडळाच्या नोंदणीलाही मी हाच नियम लावेन.

लिंक्डइनवर एआय हेडशॉटला मनाई नाही. फोटो त्या व्यक्तीसारखा दिसला पाहिजे, एवढी अट आहे. तो यंत्राने घडवल्याचे लपवण्यात अर्थ नाही. जेमिनीच्या प्रत्येक चित्रात सिंथआयडी नावाची अदृश्य खूण असते आणि चॅटजीपीटीच्या चित्रांसोबत त्यांच्या उगमाची माहिती जोडलेली असते. कोणी विचारल्यास सरळ सांगावे.

कंपनीच्या सगळ्या कर्मचाऱ्यांचे हेडशॉट एकदम करायचे ठरवले, तर प्रत्येकाची लेखी संमती घ्यावी. चेहरा हा वैयक्तिक डेटा आहे आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मुख्यतः संमतीवरच उभा आहे. ज्याला आपले फोटो परदेशी सेवेकडे पाठवायचे नसतील, त्याच्यासाठी नेहमीच्या स्टुडिओत त्याच रंगाच्या पार्श्वभूमीवर फोटो काढण्याची सोय ठेवावी. सर्वांचा मागचा रंग आणि चौकट एकसारखी असली की कोणता फोटो कुठून आला हे पानावर जाणवत नाही. काम झाल्यावर सेवेतून मूळ फोटो आणि प्रशिक्षित मॉडेल दोन्ही पुसण्याची विनंती करावी, आणि चॅटची साधने वापरली असतील तर आपला मजकूर प्रशिक्षणासाठी न वापरण्याचा पर्याय सेटिंगमध्ये फोटो चढवण्यापूर्वीच निवडावा. मूळ फोटो मात्र स्वतःकडे जपून ठेवावेत. दाढी वाढवली, चष्मा लागला, केस पांढरे झाले किंवा पद बदलले की हेडशॉट नव्याने करावा लागतो, आणि तेव्हा जुन्या एआय चित्रावरून सुरुवात न करता नवे मूळ फोटो काढावेत.